लाइव्ह स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर निवडताना: सातपुड्याच्या पायथ्याच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आकाशदर्शनात आमची अडचण जुनीच आहे. दुर्बिणीपुढे रांग, प्रत्येकाला अर्धा मिनिट, आणि आयपीसमध्ये देवयानीची दीर्घिका म्हणजे एक धुरकट डाग. रांगेतला माणूस भिडस्त असेल तर "हो हो, दिसलं" म्हणून पुढे सरकतो. नसेल तर सरळ सांगतो, "काहीच दिखत नही भो." यंदा गटाने वर्गणी काढून कॅमेरा घेतला तो यासाठीच. आता प्रश्न लाइव्ह स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या फ्रेम जागच्या जागी एकमेकींवर बसवून चित्र उजळ करणाऱ्याचा, आणि या वहीत त्याच्याच नोंदी.

हाताशी असलेलं सामान लिहून ठेवतो. सहा इंची न्यूटनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, फोकल लेंथ ७५० मिमी, म्हणजे एफ/५. इक्वेटोरियल माउंट, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाशी जुळवायचा स्टँड; ताऱ्यांमागे फिरणाऱ्या अक्षाला (आरए) मोटर. कॅमेरा रंगीत, कूलिंग नसलेला, सोनीच्या आयएमएक्स ५८५ सेन्सरचा: ३८४० बाय २१६० पिक्सेल, एक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. हिशोब केला तर एका पिक्सेलवर ०.८ विकला आणि पूर्ण चौकट साधारण ५१ बाय २९ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा). मृगातल्या तेजोमेघाचा गाभा यात नीट बसतो. देवयानीचा मात्र नुसता मधला भाग मावतो. लॅपटॉप दोन. एक विंडोजचा, ८ जीबी रॅमचा. दुसरा त्याहून जुना, त्यावर लिनक्स. शिवाय एका सभासदाचा कॅनन डीएसएलआर.

गटात नवीन आलेल्या पोरांसाठी लाइव्ह स्टॅकिंगचं तत्त्व थोडक्यात. पाच-दहा सेकंदांच्या फ्रेम एकामागून एक येतात. सॉफ्टवेअर प्रत्येकीतले तारे शोधतं, ताऱ्यांच्या त्रिकोणांवरून नवी फ्रेम आधीच्यांवर बसवतं आणि सरासरी काढतं. या साठत जाणाऱ्या चित्राला आम्ही थर म्हणतो. प्रकाश फ्रेमच्या संख्येच्या पटीत साठतो, गोंगाट, म्हणजे चित्रातले दाणे, तिच्या वर्गमुळाच्या पटीत. म्हणून ४ फ्रेमना चित्र दुप्पट स्वच्छ, १६ फ्रेमना चौपट. याचा दुसरा अर्थ असा की पाच मिनिटांत जेवढं मिळालं त्याच्या दुप्पट हवं असेल तर वीस मिनिटं थांबावं लागतं, आणि त्याच्याही दुप्पट हवं तर ऐंशी. कार्यक्रमात ऐंशी मिनिटं कोणी थांबत नाही. आमचा सगळा खेळ पहिल्या पाच-दहा मिनिटांचा.

नानांनी बैठकीत एक प्रश्न टाकला आणि तो मला बरोबर वाटला. "छान फोटो तर सगळेच सॉफ्टवेअरवाले दाखवतील. पण मळ्यात कोणी ट्रायपॉडला पाय मारला, ट्रॅक्टरचा हेडलाइट पडला, ढग आला, तर तुमचं यंत्र काय करील?" म्हणजे परीक्षा ही, की कोणती फ्रेम बाजूला काढायची हे सॉफ्टवेअरला कळतं का. सरासरीत एक घाण फ्रेम शिरली की ती निघत नाही, फक्त पुढच्या फ्रेमखाली हळूहळू पातळ होत जाते.

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

कागदावरची चाळणी.

एएसआयलाइव्ह फुकट आहे, सोपं आहे, पण ते झेडडब्ल्यूओच्याच कॅमेऱ्यांना ओळखतं. आमचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा. बाद. स्टारलाइट लाइव्हचंही तसंच, ते स्टारलाइट एक्सप्रेसच्या कॅमेऱ्यांसाठी.

शार्पकॅप: रॉबिन ग्लोव्हर यांचं, फक्त विंडोजवर चालतं. बहुतेक कंपन्यांचे कॅमेरे थेट चालवतं, लाइव्ह स्टॅकिंग त्यातच. फुकट आवृत्ती आहे. प्रोचं लायसन्स वर्षाच्या हिशोबाने. ध्रुवाशी माउंट जुळवण्याची सोय प्रोमध्ये, आणि आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर, त्यात उत्तरेला सातपुडा. खाली वाकून पोलर स्कोपमध्ये बघण्यापेक्षा स्क्रीनवर जुळवणं मानेला बरं. हा मुद्दा स्टॅकिंगचा नाही, पण निर्णयात धरावा लागेल.

फोल्डरवर नजर ठेवणारी जात वेगळी. ही सॉफ्टवेअरं कॅमेऱ्याला हातच लावत नाहीत. दुसरं कोणीतरी फोल्डरमध्ये फाइल टाकायची, ही ती उचलून थरात बसवणार. डीपस्कायस्टॅकर लाइव्ह त्यातलं जुनं. सिरिलमध्ये १.२ आवृत्तीपासून ही सोय आली. एएलएस, म्हणजे ॲस्ट्रो लाइव्ह स्टॅकर, खास याच कामासाठी. आणि जॉक्युलर, पायथनमध्ये लिहिलेलं, जे प्रत्येक फ्रेम वेगळी लक्षात ठेवतं. नंतर वाईट फ्रेम काढून टाकली की थर पुन्हा मांडतं. नानांच्या प्रश्नाला कागदावर तरी सगळ्यात सरळ उत्तर तेच.

एका भाऊंनी मध्येच विचारलं की एवढा खटाटोप करण्यापेक्षा सीस्टारसारखी स्मार्ट दुर्बीण का घेऊ नये. प्रश्न रास्त आहे. ५० मिमीचं भिंग, आतच कॅमेरा, स्टॅकिंग आपोआप, मोबाइलवर चित्र. शाळेच्या एखाद्या कार्यक्रमापुरतं बघायचं असेल तर मीही तीच सुचवीन. पण आमच्याकडे सहा इंची आरसा आधीच आहे, आणि गटातल्या पोरांना आत काय चालतं ते शिकायचं आहे. बंद डब्यात ते दिसत नाही.

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याजवळ, नानांच्या मळ्यात पहिली रात्र. शेजारी केळीबाग, त्यामुळे वारा अडतो. दक्षिणेला जळगाव-भुसावळचा उजेड क्षितिजावर पसरलेला, पण ३० अंशांच्या वर आकाश काळं. चंद्र तिथीच्या हिशोबाने नुसता कोर, लवकर मावळला.

आज फक्त शार्पकॅप. पहिलं लक्ष्य एनजीसी २५३, शिल्पकार तारकासमूहातली दीर्घिका, कॅरोलाइन हर्शेल यांनी १७८३ मध्ये शोधलेली. रात्री नऊच्या सुमारास ती दक्षिणेत ४४ अंशांवर येते, म्हणजे जळगावच्या उजेडाच्या बऱ्यापैकी वर. इंग्लंडातून हर्शेलबाईंना ती क्षितिजाला टेकलेली दिसली असणार. आपल्याला निम्म्या आकाशात. आठ सेकंदांच्या फ्रेम. पहिल्या फ्रेममध्ये तिरपी राखाडी रेघ. दोनेक मिनिटांत तिच्यात गडद ठिपके. दहा मिनिटांनी धुळीचे पट्टे इतके उघड की नानांच्या घरची मंडळी जेवण सोडून लॅपटॉपपाशी आली. भरीत-पुरी गार झाली, त्यावरून आम्ही बोलणी खाल्ली.

मग मुद्दाम त्रास दिला. ट्रायपॉडला हलका धक्का: त्या फ्रेममध्ये ताऱ्यांच्या वेलांट्या झाल्या. एफडब्ल्यूएचएमची गाळणी लावली होती, म्हणजे ताऱ्याचा फुगवटा ठरलेल्या मापापेक्षा जास्त असेल तर फ्रेम नको. फ्रेम बाहेर राहिली आणि नाकारलेल्यांचा आकडा एकाने वाढला. हे मला आवडलं; नाकारलं ते नाकारलं, पण सांगूनही टाकलं. मग बॅटरीचा झोत दुर्बिणीच्या तोंडाशी फिरवला. पार्श्वभूमी उजळली, तरी तारे शाबूत होते, म्हणून फुगवट्याच्या गाळणीतून फ्रेम आरामात आत गेली. चित्राच्या एका कोपऱ्यावर पिवळट झाक आली ती शेवटपर्यंत. प्रकाशमानाची गाळणी वेगळी लावावी लागते. ती लावल्यावर पुढचा झोत बाहेर थांबला.

एकदा घाण आत शिरली की शार्पकॅपमध्ये उपाय एकच, थर पुसून पहिल्यापासून सुरुवात. त्यासाठी एक सेटिंग आजपासून पक्कं: प्रत्येक कच्ची फ्रेम डिस्कवर साठलीच पाहिजे. १६ बिटमध्ये एक फ्रेम १६.६ मेगाबाइटची, आठ सेकंदांना एक म्हणजे तासाला ४५०, म्हणजे साडेसात जीबी. जुनी हार्ड डिस्क एवढा भार सोसते. समोरचं चित्र त्या रात्रीच्या पाहुण्यांसाठी, कच्च्या फ्रेम आपल्यासाठी.

साडेदहाला शेतीची थ्री फेज लाइन आली. या आठवड्यात या भागाला रात्रपाळी. आजूबाजूच्या मळ्यांत मोटारी सुरू झाल्या आणि त्यांच्याबरोबर विहिरींवरचे पांढरे एलईडी. मृग वर येत होता, पण पूर्वेचं आकाश गेलं. पुढच्या वेळी रात्रपाळीचं वेळापत्रक विचारून तारीख ठरवायची.

२९ नोव्हेंबर २०२५, शनिवार

घरी, टेबलावर. शेतात प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळं आकाश मिळतं, त्यामुळे तुलना खोटी ठरते. म्हणून २२ तारखेच्या कच्च्या फ्रेममधून चांगल्या आणि बिघडवलेल्या एकत्र केल्या आणि छोटी स्क्रिप्ट लिहून एकेक फ्रेम आठ सेकंदांच्या अंतराने एका फोल्डरमध्ये टाकत राहिलो. सगळ्यांना एकच खाऊ. शार्पकॅपलाही फोल्डरवर नजर ठेवणारा आभासी कॅमेरा आहे, म्हणून तेही याच परीक्षेला बसलं.

डीपस्कायस्टॅकर लाइव्हने अपेक्षेपेक्षा शहाणपणा दाखवला. ताऱ्यांची संख्या, फुगवटा अशा अटी घालून फ्रेम गाळता येते. पण आमच्या विंडोज लॅपटॉपवर ८३ लाख पिक्सेलची फ्रेम त्याला जड गेली. फोल्डरमध्ये रांग साठत गेली आणि चित्र मागे पडत गेलं. मागे पडणारं लाइव्ह स्टॅकिंग म्हणजे लाइव्ह नाहीच.

सिरिल वेगवान. डार्क (टोपण लावून काढलेल्या फ्रेम) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाकडे काढलेल्या) यांच्या मास्टर, म्हणजे सरासरीच्या, फाइल दिल्या की त्या लावूनच फ्रेम बसवतं. धक्क्याची फ्रेम जुळली नाही तर सोडून दिली. उजेडाची मात्र आत घेतली. घरी नंतरचं काम करायला सिरिलच वापरतो, त्यामुळे ओळखीचं वाटलं. पण पाहुण्यांसमोर त्याची खिडकी उघडी ठेवणं म्हणजे सगळ्या बटणांचा बाजार मांडणं.

एएलएस लिनक्सच्या जुन्या लॅपटॉपवर टाकलं. जुळलेली फ्रेम घेतो, न जुळलेली सोडतो, एवढंच. उजेडाची फ्रेम इथेही आत. पण त्यात एक गोष्ट आहे जी बाकीच्यांत नाही: आतच छोटा वेब सर्व्हर. त्याच वाय-फायवरच्या कोणत्याही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की चालू चित्र दिसतं. इंटरनेट लागत नाही. सातपुड्यात रेंजचं काय असतं ते लिहायला नको. जुना राउटर बॅटरीवर चालवला की झालं. रांगेचा प्रश्न इथे मुळातूनच सुटतो, हे बघून मी बराच वेळ बाकी कामं विसरलो.

जॉक्युलरमध्ये फ्रेमची माळ दिसते. उजेडाची फ्रेम शोधली, काढली, झाक गेली. या परीक्षेत पहिला नंबर त्याचा, यात वाद नाही. अडचण दोन. ते लहान सेन्सरच्या जमान्यात वाढलेलं. आमच्या फ्रेम दोन बाय दोन बिनिंग करून, म्हणजे चार पिक्सेलचा एक करून, दिल्या तेव्हा कुठे हालचाल सुधारली. आणि ते बसवायला पायथनची माहिती हवी. बारावीतल्या पोराने बसवलं, मी बघत होतो. उद्या तो शिकायला पुण्याला गेला की मागे दुरुस्ती कोण करणार, हेही निवडीत धरायला हवं.

२० डिसेंबर २०२५, शनिवार

तोच मळा. थंडी कडक. कापसाची वेचणी संपत आलेली, पऱ्हाट्या उपटून पेटवल्याचा धूर संध्याकाळी तरंगत होता, आठनंतर बसला.

आज डीएसएलआर आणि एएलएसची जोडी. कॅनन यूएसबीने लिनक्सला जोडला, जीफोटो२ या कॅमेरा चालवणाऱ्या प्रोग्रामने फ्रेम काढून थेट फोल्डरमध्ये उतरवल्या. २०० मिमीच्या लेन्समधून देवयानी पूर्ण मावली. तेव्हा तो धुरकट डाग नसून तीन अंश पसरलेली थाळी आहे हे पोरांना पटलं. पंचवीस लाख प्रकाशवर्षं हा आकडा आधीही सांगत होतो. आज पहिल्यांदा त्यावर उलट प्रश्न आले.

अंधार पडल्यानंतरचे पहिले दीड-दोन तास उपग्रहांच्या रेघा सतत. सूर्य फार खाली गेलेला नसतो, त्यामुळे वरच्या उपग्रहांवर ऊन पडतं. मध्यरात्रीकडे ते पृथ्वीच्या सावलीत जातात आणि रेघा कमी होतात. साध्या सरासरीत रेघ राहते, फिकी पण राहते. दुसऱ्या दुर्बिणीवर शार्पकॅपमध्ये सिग्मा क्लिपिंग चालू ठेवलं होतं: एखाद्या पिक्सेलचं मूल्य त्याच जागेच्या आधीच्या मूल्यांपासून फार उडालं तर तेवढा पिक्सेल धरायचाच नाही. पूर्ण फ्रेम फेकण्यापेक्षा हे बरं. मात्र तुलनेला आधीच्या फ्रेम साठलेल्या असाव्या लागतात. थर नवीन असताना त्याला उडालेलं काय आणि नेहमीचं काय हे कळत नाही.

मोबाइलचा प्रयोग रात्री साडेआठला. पत्ता पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून खांबाला टांगला. पंधरावीस फोन एकदम जोडले तर जुना लॅपटॉप बसेल अशी भीती होती. बसला नाही. उलट एक वेगळाच घोळ झाला: प्रत्येकाच्या फोनचा प्रखर उजेड. मळा एखाद्या लग्नाच्या मांडवासारखा उजळला आणि डोळ्यांना सरावलेला अंधार सगळ्यांचा गेला. ब्राइटनेस कमीत कमी करा हे आधी सांगायचं, मग पत्ता द्यायचा.

२३ डिसेंबर २०२५, मंगळवार

एक्स्पोजर किती ठेवायचं यावर वाद. ताई म्हणतात ३० सेकंद, पोरं म्हणतात ४. वाद आकड्यांनी मिटवला.

प्रत्येक फ्रेम वाचताना सेन्सर स्वतःचा थोडा गोंगाट मिसळतो, तो रीड नॉइज. आकाशाच्या उजेडाचा गोंगाट त्याला झाकून टाकेल इतका वेळ उघडं ठेवलं की फ्रेम पुरेशी लांब. एकूण गोंगाट पाच टक्क्यांहून जास्त वाढू नये असं ठरवलं तर सूत्र असं येतं: रीड नॉइजचा वर्ग गुणिले १०, एवढे इलेक्ट्रॉन एका पिक्सेलला आकाशाकडून मिळाले पाहिजेत. रीड नॉइज दीड इलेक्ट्रॉन धरला तर साधारण २२ इलेक्ट्रॉन. मळ्यातल्या काळ्या आकाशात ते यायला बराच वेळ लागतो. जळगावच्या गच्चीवर पटकन भरतात. म्हणून शहरात चार सेकंद चालतील, मळ्यात जास्त हवेत. ताईंचं म्हणणं तत्त्वात बरोबर. पण ३० सेकंदांच्या फ्रेमला धक्का बसला तर ३० सेकंद जातात, आणि आमचा माउंट इतका वेळ सरळ धरत नाही. मळ्यात १० ते १५, शाळेत ८. दोघंही थोडे थोडे नाराज, म्हणजे तोडगा ठीक असावा.

१७ जानेवारी २०२६, शनिवार

चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या अलीकडच्या गावातल्या शाळेत कार्यक्रम. पाटणादेवी गौताळ्याच्या अभयारण्यात, तिथे रात्री थांबण्याचा विचार केलाच नाही. पण याच पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिलं, असं त्यात कोरलेलं. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. पोरांनी लगेच विचारलं, मुक्ताईनगरकडचे चांगदेव ते हेच का? नाही. तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव महाराज वेगळे, हा राजा सिंघणाचा ज्योतिषी वेगळा.

जड इक्वेटोरियल माउंट मोटारसायकलवर येत नाही, म्हणून आज हलका, आल्ट-ॲझिमथ, आपोआप लक्ष्य धरणारा. तो वर-खाली आणि आडवा फिरतो, त्यामुळे तारा मध्यावर राहतो पण चौकट ताऱ्यांभोवती हळूहळू वळत जाते. किती वळते ते दिशेवर अवलंबून. दक्षिणेला ४५ अंशांवर आपल्या अक्षांशाला ताशी सुमारे २० अंश. ठीक पूर्वेला किंवा पश्चिमेला जवळपास शून्य. डोक्यावर मात्र वेगाला धरबंदच राहत नाही.

म्हणून कार्यक्रम त्या हिशोबाने लावला. पहिला मान एम १, वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ. त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, उत्तर २२ अंश, चाळीसगावचं अक्षांश साडेवीसच्या आसपास. म्हणजे सव्वादहाच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावरून जातो. तेव्हा आल्ट-ॲझिमथवर हात लावायची सोय नाही. पण आठ वाजता तो पूर्वेला ५८ अंशांवर, आणि तिथे चौकट ताशी चारेक अंशच वळते. आठला धरला, पंधरा मिनिटांत निळसर-राखाडी ढग आला, कडा फाटलेली. हा तारा फुटल्याचं चिनी लोकांनी १०५४ मध्ये नोंदवलं, भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. साठ वर्षांचं अंतर. या गावात हे वाक्य उच्चारायला मिळालं, याचं मला अप्रूप वाटतं.

साडेआठला मृगातला तेजोमेघ. तो आग्नेयेला, तिथे वळण ताशी पंधरा अंश. आठ सेकंदांत आमच्या चौकटीच्या कोपऱ्यावरचा तारा दीडेक पिक्सेल सरकतो. हवेच्या थरथरीपुढे हे नगण्य. पण वीस मिनिटांत पाच अंश वळतं, आणि थराचे कोपरे कातरले जातात. शार्पकॅप वळण सांभाळून फ्रेम बसवतं, एएलएसही बसवतं; कोपऱ्यांना फ्रेम कमी पडतात म्हणून तिथे दाणे उरतात, त्याला सॉफ्टवेअर काय करणार. दर दहा मिनिटांनी थर पुसून नवा घ्यायचा. पाहुण्यांनाही तेच आवडलं. चित्र काळ्यातून उगवताना बघण्यात मजा, तयार चित्र तर ते पुस्तकात बघतातच.

एक आजी खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसल्या. नवा थर सुरू झाला तशा म्हणाल्या, "हाई गुलाबी काय शे?" हायड्रोजन, असं सांगितलं. मग म्हणाल्या, "मंग दुर्बीणमा गुलाबी काब्र नही दिखत?" अख्ख्या कार्यक्रमात याहून चांगला प्रश्न आला नाही. मंद उजेडात डोळ्यांच्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. कॅमेऱ्याला ती अडचण नाही.

शार्पकॅपची कच्च्या फ्रेमची फोल्डर लॅन केबलने लिनक्सला दाखवली आणि एएलएस त्याच फ्रेम उचलून मोबाइलवर देत राहिलं. दोन सॉफ्टवेअर, एक कॅमेरा. हे चालतं.

१४ फेब्रुवारी २०२६, शनिवार

उद्या महाशिवरात्र. आमच्याकडे थंडी शिव-शिव करत जाते म्हणतात. यंदा ती आधीच गेली, आणि चित्रात लाल-निळे-हिरवे ओरखडे आले. सगळे एकाच दिशेला तिरपे.

कारण उष्णता. कूलिंग नसलेल्या सेन्सरमध्ये अंधारातही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि दर सहा-सात अंशांना त्यांचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. डिसेंबरच्या रात्रीपेक्षा मेची रात्र वीस अंशांनी गरम धरली तर आठपट. काही पिक्सेल इतरांपेक्षा तापट असतात. माउंट प्रत्येक फ्रेमला थोडा सरकतो; सॉफ्टवेअर तारे जुळवतं, तेव्हा तापट पिक्सेल थरात सरकत जातात आणि ओरखडा उमटतो. डिसेंबरमध्ये काढलेले डार्क आजच्या फ्रेममधून वजा केल्याने हे भागत नाही, कारण डार्क त्याच तापमानाचा, त्याच एक्स्पोजरचा, त्याच गेनचा (सेन्सरचा सिग्नल वाढवण्याच्या मापाचा) हवा. युरोपातले मार्गदर्शक याला दोन ओळी देतात. खान्देशात एप्रिल-मे बघितलेल्या माणसाने त्यावर अख्खी वही खर्च करावी.

उपाय गच्चीवर सापडला. सूर्य मावळल्यावर कॅमेरा टोपण लावून, वर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून गच्चीवर ठेवायचा, कारण प्लास्टिकच्या टोपणातून इन्फ्रारेड झिरपतो. स्लॅब रात्रभर निवत जातो, तापमान आपोआप एकेक अंश उतरतं, आणि डार्क निघत राहतात. सेन्सरचं तापमान फाइलच्या हेडरमध्ये लिहिलेलं असतंच; सकाळी दर दोन अंशांचा वेगळा गठ्ठा बांधायचा आणि त्याचा मास्टर करायचा. नाव तापमानाचं, म्हणजे रात्री शेतात डोकं चालवायला नको.

सॉफ्टवेअरच्या निवडीत हा मुद्दा मी वर आणला. डार्क बदलणं किती सोपं? शार्पकॅपमध्ये स्टॅकिंग थांबवून दुसरी फाइल निवडली की झालं. एएलएसमध्येही डार्क लावता येतो, तापट पिक्सेल पुसण्याची सोयही आहे. पण शार्पकॅप ज्या कच्च्या फ्रेम साठवतं त्यांत डार्क वजा झालेला नसतो, म्हणून दोन्हीकडे एकच फाइल बदलायची आठवण ठेवावी लागते.

२१ मार्च २०२६, शनिवार

पाडवा झाला, चंद्र कोरीचा. मळ्यात शेवटची चाचणी, रात्री दोनला, नरतुरंगातल्या ओमेगा सेंटॉरीवर. तो आपल्याकडे दक्षिणेला साडेएकवीस अंशांवर येतो, म्हणजे नेमका जळगावच्या उजेडात. मुद्दाम वाईट जागा निवडली. तारकागुच्छ असल्याने चार सेकंदांच्या फ्रेम पुरल्या. पार्श्वभूमी खालून वर पिवळी होत गेलेली. शार्पकॅपने ती बऱ्यापैकी सपाट केली, एएलएसच्या चित्रात ती तशीच राहिली. गुच्छ मात्र दोन्हींत दाणेदार. लंडनवाल्यांना हा कधी दिसतच नाही, हे नानांना दोनदा सांगितलं.

निर्णय असा. कॅमेऱ्यासाठी शार्पकॅप, प्रो लायसन्स गटाच्या वर्गणीतून, दरवर्षी जानेवारीत नूतनीकरण. दोन्ही गाळण्या, फुगवट्याची आणि प्रकाशमानाची, कायम चालू. सिग्मा क्लिपिंग संध्याकाळी चालू. मोबाइलसाठी आणि डीएसएलआरसाठी एएलएस, लिनक्सवर. ताईंना उशिरापर्यंत एकट्याने दीर्घिका बघायच्या असतात, त्यांनी जॉक्युलर घ्यावं. फ्रेम मागे जाऊन काढता येतात हे त्यांच्या स्वभावाला जमणारं आहे. सिरिल घरी, कच्च्या फ्रेमवर. डीपस्कायस्टॅकर लाइव्ह सध्या बाजूला. नवा लॅपटॉप आला तर पुन्हा बघू.

पेटीत चिकटवायच्या कागदावर पाच ओळी: कच्च्या फ्रेम साठतात का बघा. सेन्सरचं तापमान बघून डार्क निवडा. दोन्ही लॅपटॉपवर तोच डार्क. आल्ट-ॲझिमथ असेल तर डोक्यावरचं लक्ष्य नको. मोबाइलचा ब्राइटनेस आधी, पत्ता नंतर.

बाकी राहिलेलं: २८ अंशांच्या वरचे डार्क. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर काढायचे, फॉइलचा नवा रोल भाऊ आणतील.